भाराभर चिंध्या आणि एक गोधडी

माझ्या आजीची एक ठरलेली म्हण आहे. एक ना धड, भाराभर चिंध्या! ही म्हण तिने खास माझ्यासाठीच राखून ठेवली असावी असं मला लहानपणापासून वाटत आलंय. आठवीत गिटार सुरू केलं, चार महिन्यांत सोडलं. दहावीनंतर फ्रेंचचा क्लास लावला, पहिली परीक्षा दिली आणि बंद! फर्स्ट इयरला रोबोटिक्स क्लब, सेकंड इयरला फोटोग्राफी... माझं हॉस्टेलचं कपाट म्हणजे अर्धवट गोष्टींचं म्युझियम आहे असं माझ्या रूममेटचं मत आहे. आणि खरं सांगायचं तर ते चुकीचं नाही.

मित्र-मैत्रिणींनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं असंच असणार. सबमिशन, वायवा, केटी या गडबडीत ब्रँचच्या बाहेरचं काही वाचायला घेतलं की कोणीतरी विचारतंच, हे सिलॅबसमध्ये आहे का? मग आपणही गुपचूप पुस्तक मिटतो. मी पण मिटायचे. पण यंदा एका माणसाची ओळख झाली आणि थोडा धीर आला. थोडी भीतीसुद्धा वाटली. ती का, ते शेवटी सांगते.

झालं असं की आमच्या सीनियर्सचा फायनल इयर प्रोजेक्ट होता चेहरा ओळखण्याच्या प्रोग्रामवर. त्यात कारहुनेन-लोएव्ह ट्रान्सफॉर्म नावाचा प्रकार वापरला होता. सर रिपोर्ट तपासायला आले आणि त्यांनी त्या दोन नावांच्या आधी पेनने तिसरं नाव लिहिलं. कोसंबी. मला वाटलं सरांची काहीतरी गल्लत झाली. कारण कोसंबी हे नाव मी रोज बघत होते, पण ते स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या शेजारच्या ताईच्या टेबलावर, प्राचीन भारताच्या इतिहासाच्या पुस्तकावर! त्याच आठवड्यात बायोटेकच्या मैत्रिणीच्या नोट्समध्ये जेनेटिक्सच्या चॅप्टरला कोसंबी मॅपिंग फंक्शन दिसलं. म्हटलं, हे कोसंबी आहेत तरी किती? लायब्ररीत जाऊन शोधलं तेव्हा कळलं की तिन्ही ठिकाणी माणूस एकच. दामोदर धर्मानंद कोसंबी. आणि हा माणूस राहायला होता पुण्यात!

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हीच एक मोठी गोष्ट आहे. गोव्यातल्या खेड्यातला हा तरुण बौद्ध धर्माबद्दल काहीतरी वाचतो, त्याला ते नीट शिकावंसं वाटतं आणि त्यासाठी तो १८९९ मध्ये घर सोडतो. खिशात पैसे नाहीत. पुणे, काशी, नेपाळ असं करत करत तो श्रीलंकेला पोचतो आणि तिथे पाली भाषा शिकतो. पुढे हेच धर्मानंद पालीचे एवढे मोठे पंडित झाले की अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या कामासाठी बोलावलं. मध्ये काही वर्षं ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजमध्ये पाली शिकवत होते. दामोदरची सुरुवातीची शाळा पुण्यातलीच.

१९१८ मध्ये धर्मानंद पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर नेलं. १९२२ मध्ये वडील परत आले, पण मुलगा शिक्षणासाठी तिथेच राहिला. कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं म्हणून दंड भरलेल्या माझ्यासारखीला इथे लगेच जवळीक वाटते. परकी भाषा, परकी शाळा, घर सातासमुद्रापार. पण दामोदर त्यात हरवले नाहीत. केंब्रिजच्या लॅटिन स्कूलमधून ते हार्वर्डला गेले आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन बाहेर पडले. गणिताबरोबर ते तिथे भाषासुद्धा शिकले. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन, इटालियन. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यांच्याकडे औपचारिक पदवी होती ती एवढीच. पीएचडी त्यांनी कधी केलीच नाही. पुढे जे जे शिकले ते कुठल्याही कॉलेजात नाव न घालता.

भारतात परतल्यावर १९२९ मध्ये ते बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवायला लागले. १९३१ मध्ये अलीगढला गेले. तिथे गणिताचे प्रमुख होते आंद्रे वेल हे फ्रेंच गणितज्ञ. वय फक्त पंचवीस! या दोघांच्या नावावर गणितातली एक प्रसिद्ध फिरकी आहे. वेल यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी एक शोधनिबंध लिहिला आणि त्यात बुर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या एका रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला दिला. तो छापूनही आला. काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी मिळून गणिताची पुस्तकं लिहायला घेतली तेव्हा सगळ्यांनी मिळून हेच टोपणनाव घेतलं. निकोला बुर्बाकी. म्हणजे या जगप्रसिद्ध नावाचं गणितातलं पहिलं दर्शन एका मराठी माणसाच्या लेखात झालं होतं.

१९३३ मध्ये कोसंबी पुण्याला आले आणि फर्ग्युसन कॉलेजमध्ये गणित शिकवू लागले. ही नोकरी बारा वर्षं चालली. त्यांचा मुख्य विषय होता भूमिती. वक्र अवकाशातल्या वाटांची भूमिती म्हणा हवं तर. त्यावरचा त्यांचा लेख १९३३ मध्ये एका जर्मन नियतकालिकात आला आणि त्याच अंकात त्याला जोडून एली कार्तां या दिग्गज फ्रेंच गणितज्ञाचं टिपण आलं. पुढे चर्न या चिनी गणितज्ञाने त्यात भर घातली. आज ही शाखा कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत या नावाने ओळखली जाते. दुसरा कोणी असता तर आयुष्यभर याच एका विषयावर बसला असता. नाव झालं होतं, दिशा ठरली होती.

पण कोसंबींना संख्याशास्त्र शिकावंसं वाटलं. आणि ते शिकायची त्यांची पद्धत आपल्या पद्धतीच्या बरोबर उलटी होती. आपण आधी चॅप्टर वाचतो, मग सोडवलेली उदाहरणं, मग न सोडवलेली (तिथपर्यंत पोचलो तर!). त्यांनी आधी एक खरा प्रश्न घेतला आणि तो सोडवता सोडवता विषय शिकले. सुरुवात केली कुठून माहितीये? परीक्षेतल्या मार्कांपासून! मास्तरच ते, आकडे हाताशी होते. त्यानंतर त्यांनी घेतली नाणी.

आपल्याकडची सर्वांत जुनी नाणी म्हणजे चांदीची आहत नाणी. चांदीच्या पत्र्याचे साधारण साडेतीन ग्रॅमचे तुकडे कापायचे आणि त्यावर सूर्य, डोंगर, प्राणी असे ठसे मारायचे. त्यावर ना राजाचं नाव, ना साल. मग कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे ओळखायचं कसं? कोसंबींनी विचार केला तो असा. नाणं हातातून हातात जातं तेव्हा दर वेळी त्याची अगदी कणभर झीज होते. म्हणजे जितके दिवस वापरात, तितकं वजन कमी. शिवाय सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, त्यामुळे सरासरी वजन घटतं आणि वजनांमधला फरक वाढत जातो. म्हणजे आपलं मीन आणि स्टँडर्ड डेव्हिएशनच की! आता हे खरं का खोटं हे तपासायला त्यांनी वापरातली त्या काळची नाणी गोळा केली. त्यांच्यावर साल छापलेलं असतं, त्यामुळे पडताळा लगेच मिळतो. मग तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांमधली आहत नाणी घेतली. या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक खुणा असतात. ठरावीक काळाने कोणीतरी नाणं तपासून ती मारत असावं असं त्यांनी धरलं. आणि वजन केल्यावर दिसलं की मागच्या खुणा जितक्या जास्त, तितकं वजन खरंच कमी!

हे वाचायला पाच ओळी लागतात. करायला मात्र हजारो नाणी एक एक करून अचूक तराजूत टाकावी लागली. ठेवा, थांबा, वाचा, लिहा, उचला, पुढचं ठेवा. कॉलेजची लेक्चर्स सांभाळून हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. आपल्याला जर्नलमध्ये दहा रीडिंग्ज घ्यायची तरी तीन घेऊन सात मनाने लिहितो... जाऊ दे, स्टाफही हे वाचणार आहे!

याच काळात शिकलेल्या संख्याशास्त्रातून आणखी दोन गोष्टी निघाल्या आणि त्या आपल्या कामाच्या आहेत. पहिली १९४३ ची. समजा तुमच्याकडे खूप गुंतागुंतीचे सिग्नल आहेत. फूरियर म्हणतो, साइन आणि कोसाइनमध्ये तोडा. पण साइन-कोसाइन हे आधीच ठरलेले आकार झाले. त्याऐवजी माहितीतूनच असे मोजके आकार शोधता येतील का, की जे कमीत कमी संख्येत जास्तीत जास्त सगळं सांगतील? कोसंबींनी ते कसं करायचं हे १९४३ मध्ये लिहिलं. कारहुनेन आणि लोएव्ह यांचं काम त्यानंतरचं. पुढे १९६७ मध्ये लमली यांनी ही पद्धत द्रवांच्या खळबळीच्या, म्हणजे टर्ब्युलन्सच्या अभ्यासात आणली आणि आज मेकॅनिकलपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळीकडे ती वापरतात. सरांनी रिपोर्टात पेनने लिहिलेलं नाव म्हणजे चूक नव्हती, जुनी राहिलेली दुरुस्ती होती.

दुसरी गोष्ट १९४४ ची. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुकं जितकी लांब, तितकी पुढच्या पिढीत त्यांची ताटातूट व्हायची शक्यता जास्त. म्हणून किती संततींमध्ये ताटातूट झाली हे मोजून अंतर काढतात. पण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर जनुकं पुन्हा एकत्र येतात आणि मोजणीत काहीच दिसत नाही. शिवाय एका जागी अदलाबदल झाली की अगदी शेजारी दुसरी सहसा होत नाही. हाल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात हा शेजारचा परिणाम धरलेला नव्हता. कोसंबींनी तो धरला आणि एक सुटसुटीत सूत्र दिलं. ताटातुटीचं प्रमाण आर आणि अंतर डी धरलं तर आर बरोबर अर्धा टॅनएच दोन डी. एम-वनला हायपरबोलिक फंक्शन्स शिकताना यांचा उपयोग काय असं आपण सगळेच विचारतो. घ्या, हा उपयोग! पिकांच्या नवीन जाती तयार करणारे शास्त्रज्ञ जनुकांचे नकाशे काढताना आजही हे सूत्र वापरतात. आणि ते देणाऱ्याकडे बायॉलॉजीची कुठलीही पदवी नव्हती.

आता परत नाण्यांकडे येऊ. कारण खरी गंमत तिथून पुढे आहे. नाण्यांचा क्रम तर लागला. पण ती पाडली कोणी? हे तराजू सांगणार नाही. त्यासाठी जुने ग्रंथ वाचायला हवेत. ग्रंथ संस्कृत आणि पालीत. म्हणजे संस्कृत पक्कं हवं. वडील एवढे मोठे पंडित, तरी मुलाला आपलं आपणच शिकावं लागलं. इथेही तीच पद्धत. व्याकरण घोकत बसण्यापेक्षा एक ग्रंथ घ्यायचा आणि त्याच्याशी झुंजायचं. त्यांनी घेतला भर्तृहरी. नीती, शृंगार आणि वैराग्य यांवरची त्याची शतकं आपल्याकडे शेकडो वर्षं पाठ केली जातात. कोसंबींनी भर्तृहरीवर १९४१ मध्ये एक लेख लिहिला. त्यावर आक्षेप आला की मुळात कुठले श्लोक भर्तृहरीचे आणि कुठले नंतर घुसवलेले हेच नक्की नाही, तर त्याच्या विचारांवर बोलणार कसं?

आपण काय केलं असतं? वाद घातला असता किंवा विषय सोडला असता. कोसंबींनी हस्तलिखितं गोळा करायला घेतली. देशभरातली तीनशेहून अधिक हस्तलिखितं त्यांनी तपासली, प्रत्येक श्लोक कुठे आहे आणि कुठे नाही हे लावलं आणि १९४८ मध्ये भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. एका लेखावरच्या आक्षेपाला सात वर्षांनी दिलेलं उत्तर! पुढे १९५७ मध्ये त्यांनी वि. वि. गोखले यांच्याबरोबर विद्याकराच्या सुभाषितरत्नकोशाची आवृत्ती काढली आणि ती हार्वर्डच्या प्राच्यविद्या मालेत निघाली. गणिताचा प्रोफेसर आता संस्कृतच्या पंडितांच्या रांगेत होता.

पण इथेही प्रश्न संपला नाही. हे श्लोक ज्या समाजात लिहिले गेले तो समाज कसा होता? लोक काय पिकवत होते, काय खात होते, नांगर होता का? राजांच्या याद्यांपेक्षा त्यांना हे प्रश्न महत्त्वाचे वाटले. मार्क्सच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. त्यांची राजकीय मतं सगळ्यांना पटतील असं नाही, पण त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तर शोधायला ते पायी निघाले. भांडारकर संस्थेजवळ त्यांचं घर होतं आणि मागे टेकड्या. त्या टेकड्यांवर त्यांना गारगोटीची इवलाली, नखाएवढी हत्यारं सापडली. अश्मयुगीन माणसांनी बनवलेली. रोज शेकडो लोक जिथे फिरायला जातात तिथे! घराजवळ पाल ठोकून राहणाऱ्या फासेपारध्यांचं जगणं त्यांनी समजून घेतलं. म्हसोबा, वेताळ, तुकाई, बोल्हाई यांची ठाणी कुठे आहेत हे बघत ते खेडोपाडी हिंडले. पालखीच्या वाटेवरही त्यांना तशीच दगडी हत्यारं मिळाली आणि त्यांच्या लक्षात आलं की माणसं या वाटांनी वारकऱ्यांच्याही फार आधीपासून, गुरं घेऊन, ऋतूप्रमाणे चालत आलेली असणार.

कार्ल्याची लेणी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. लोणावळ्याच्या ट्रिपमध्ये एकवीरेचं दर्शन, ग्रुप फोटो आणि मग चिक्की. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत देणगीदारांची नावं कोरलेली आहेत आणि त्यात धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे परदेशी लोकांची नावंही आहेत. कोसंबींनी ते लेख पुन्हा बारकाईने तपासले आणि एक वेगळा प्रश्न विचारला. बौद्ध भिक्षूंचं लेणं, परदेशी देणगीदार आणि कोळी बांधवांची देवी हे सगळं एकाच डोंगरात, एकाच जागी का? त्यांचं उत्तर थोडक्यात असं, की जुन्या वाटा जिथे एकमेकींना मिळत तिथे आधी देवीची ठाणी होती. त्याच वाटांनी व्यापारी आले, त्याच वाटांवर भिक्षू राहिले. या सगळ्या हिंडण्यातून १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं, १९६२ मध्ये दैवतकथांवरचं आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं. शेजारच्या ताईच्या टेबलावर होतं ते हेच शेवटचं.

हे सगळं करायला वेळ कुठून आणला? १९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना नव्याने सुरू झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. संस्था मुंबईत, घर पुण्यात. मग कोसंबी डेक्कन क्वीनने जाऊ-येऊ लागले. सकाळी पुण्याहून मुंबई, संध्याकाळी परत. एका बाजूचं अंतर १९२ किलोमीटर. हे त्यांनी अनेक वर्षं केलं आणि गाडीतला वेळ वाचनाला दिला. जरा हिशोब करून बघा. एका बाजूला तीन तास धरले तरी दिवसाचे सहा. आपण तेवढ्या वेळात डब्यातल्या लोकांशी जागेवरून भांडून, कटलेट खाऊन झोपलेलो असतो. कोसंबींची लायब्ररी रुळांवरून धावत होती!

मधल्या काळात ते इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांचा अभ्यास करायला इंग्लंड-अमेरिकेला जाऊन आले, १९४८-४९ मध्ये. भारतात तेव्हा कॉम्प्युटर हा शब्दही कोणाला माहीत नव्हता. जागतिक शांततेच्या चळवळीत ते उतरले. आणि भारतासारख्या उन्हाच्या देशाने महागड्या अणुऊर्जेच्या मागे लागण्याऐवजी सौरऊर्जेवर संशोधन करावं असं ते १९५० च्या दशकापासून जाहीरपणे मांडत होते. आता हे कोणत्या संस्थेत राहून? जिचे प्रमुख भारताच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार होते त्या! परिणाम काय होणार हे त्यांना कळत नसेल असं वाटत नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा माणूस कुठे चुकलाच नाही. तसं नाही. १९५९ मध्ये कोसंबींनी मूळ संख्यांविषयीचं रीमान गृहीतक संभाव्यतेच्या मार्गाने सिद्ध केल्याचा दावा केला. गणितातला हा सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक, आजही न सुटलेला. आणि त्यांनी तो छापला कुठे, तर कृषी संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये. तिथे अशा सिद्धतेची कसून तपासणी होणार नव्हतीच. सिद्धता टिकली नाही. गणितज्ञांमध्ये त्यांच्या नावाला मोठा धक्का बसला. जो माणूस एका श्लोकासाठी तीनशे हस्तलिखितं तपासतो, त्याने स्वतःच्या सिद्धतेसाठी मात्र चार कडक परीक्षक शोधले नाहीत. मला भीती वाटली ती इथे. नवीन शिकणं चांगलंच, पण आपलं तपासायला आपल्यापेक्षा जाणकार माणूस हवा, आणि त्याने नाही म्हटलं तर ते ऐकायला हवं.

१९६२ मध्ये त्यांचा टाटा संस्थेतला करार पुढे वाढवला गेला नाही. भाभांशी मतभेद, रीमानचं प्रकरण, त्यांचा तिखट स्वभाव... कारणांबद्दल वेगवेगळं लिहिलं जातं. पंचावन्नाव्या वर्षी एवढ्या विद्वान माणसाला पद नव्हतं. पण टेकड्या होत्या, पुस्तकं होती. काम थांबलं नाही. १९६४ मध्ये सीएसआयआरने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमलं आणि ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी जोडले गेले. २९ जून १९६६ रोजी पहाटे, पुण्यातल्या राहत्या घरी, झोपेतच त्यांचं निधन झालं. वय ५८. जन्मशताब्दीच्या निमित्ताने २००८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

आता माझं. मी आणि कोसंबी यांच्यात फरक काय? (बुद्धीचा सोडून! तो इथे लिहून पान वाया घालवत नाही.) मी गिटार सोडलं आणि फ्रेंच घेतलं, कारण गिटारचा कंटाळा आला. कोसंबींनी नाण्यांवरून संस्कृतकडे उडी मारली, कारण नाण्यांनीच विचारलेला प्रश्न संस्कृतशिवाय सुटत नव्हता. संस्कृतातला प्रश्न टेकडीवर गेल्याशिवाय सुटत नव्हता. म्हणजे त्यांनी विषय बदलले असं आपल्याला बाहेरून दिसतं. आतून बघितलं तर एकच प्रश्न एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालत गेला आणि ते त्याच्या मागे गेले. आणि दुसरा फरक म्हणजे रोज. एका दिवसात नाणी किती तोलून होणार? थोडीच. पण रोज.

मी सध्या एक साधी गोष्ट करतेय. एक दोनशे पानी वही केलीय. रोज रात्री त्यात त्या दिवशी नवीन कळलेली एक गोष्ट लिहायची आणि खाली तिच्यातून पडलेला एक प्रश्न. दुसऱ्या दिवशी शक्यतो तोच प्रश्न शोधायचा. मेसच्या पोळीपासून सुरुवात झाली (ती फुगते का?) आणि आत्ता वाफेच्या टेबलांवरून गव्हाच्या जातींपर्यंत पोचलेय. तिथे पुन्हा कोसंबींचंच सूत्र भेटलं! वही मराठीत लिहायची असंही ठरवलंय. कॉन्व्हेंटमुळे ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे, म्हणून हा लेख आमच्या मराठी विभागाच्या मॅडमकडून दोनदा तपासून घेतला. रीमानचा धडा, दुसरं काय!

पीएलमध्ये वही बंद पडेल का? पडू शकते. माझा इतिहास तसा चांगला नाही. पण परवा आजीला फोनवर हे सगळं सांगितलं. ती नेहमीची म्हण म्हणेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, तू हॉस्टेलला अंगावर काय घेतेस? तिनेच शिवलेली गोधडी. ती कशाची केली ते आठवतंय का, तिने विचारलं. आठवत होतं. तिच्या आणि आईच्या जुन्या साड्या, बाबांचं धोतर, माझे लहानपणीचे फ्रॉक. सगळ्या चिंध्याच. फक्त तिने त्या रोज दुपारी थोड्या थोड्या, एका दोऱ्याने शिवल्या होत्या.

चला तर मग, तुम्हीही एक वही घ्या. दोरा आपला आपल्यालाच ओवावा लागेल!